काळ्या मोटारीची चकाकी आणि चंडीगडचे पाणी

चंडीगड शहरात दरवर्षी १५ एप्रिल ते ३० जून या काळात नळाला रबरी नळी जोडून मोटार धुण्यास मनाई असते. महानगरपालिका तशी जाहीर सूचना काढते. सकाळी पाणीपुरवठ्याच्या वेळेत पालिकेची पथके निवासी सेक्टरांतून फिरतात आणि पाणी वाया घालवताना आढळणाऱ्यांवर कारवाई करतात. अलीकडच्या काही वर्षांत दंडाची रक्कम पाच हजार रुपयांच्या वर गेली आहे. नेमक्या याच अडीच महिन्यांत राजस्थान आणि हरियाणाच्या बाजूने येणारी धुळीची वादळे शहरावर मातकट थर पसरवतात. काळ्या रंगाच्या मोटारीचा मालक या दोहोंच्या कात्रीत सापडतो. पाणी वापरण्यास तो कचरतो, धूळ डोळ्यांना सहन होत नाही, म्हणून तो कोरडे फडके उचलतो. मोटारीच्या रंगाचे खरे नुकसान तेथेच सुरू होते.

हा प्रश्न एका शहरापुरता मर्यादित नाही. नाशिक, नागपूर, पुणे किंवा बेळगाव येथील काळ्या मोटारीचा मालकही तीच तक्रार करतो. मोटार नवी असताना आरशासारखी दिसते आणि वर्षभरात उन्हात उभी केली की तिच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या असंख्य गोल रेषा दिसू लागतात. तथापि चंडीगडमध्ये हा प्रश्न अधिक ठळकपणे समोर येतो. लोकसंख्येच्या तुलनेत वाहनांचे प्रमाण देशात सर्वाधिक असलेल्या शहरांत चंडीगडची गणना होते. वाहनाच्या क्रमांकासाठीसुद्धा येथे लिलावात चढाओढ लागते. एप्रिल २०२२ मधील लिलावात ‘०००१’ हा क्रमांक १५ लाख रुपयांहून अधिक बोलीला गेला आणि तो एका स्कूटरसाठी घेतल्याचे वृत्त देशभर गाजले. अशा शहरात वाहनाच्या बाह्यरूपाविषयी लोक हळवे असल्यास नवल नाही.

गोल रेषांचे कोडे

या रेषा खरोखर गोल नसतात, ही गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटते. मोटारीच्या पृष्ठभागावर पडलेले बारीक चरे सर्व दिशांनी, आडवेतिडवे असतात. सूर्य किंवा रस्त्यावरील दिवा अशा एका बिंदूतून येणारा प्रकाश त्यांवर पडला की, जे चरे प्रकाशबिंदूभोवतीच्या वर्तुळाच्या दिशेत असतात तेवढेच डोळ्याकडे प्रकाश परतवतात. बाकीचे त्या क्षणी दिसत नाहीत. त्यामुळे प्रकाशाभोवती वर्तुळे काढल्याचा भास होतो. पाहणारा दोन पावले सरकला की वर्तुळेही सरकतात. रोज काथ्याने किंवा तारेच्या घासणीने घासलेल्या स्टीलच्या ताटात उन्हाचे प्रतिबिंब पाहिल्यास हाच देखावा घरच्या घरी दिसतो. मोटारीच्या व्यवसायात या चऱ्यांना ‘स्वर्ल मार्क’ म्हणतात.

पांढऱ्या मोटारीवर असे चरे पडत नाहीत, हा समज चुकीचा आहे. तेथेही ते तितकेच पडतात. परंतु पांढरा रंग स्वतःच सर्व बाजूंनी भरपूर प्रकाश विखुरतो आणि त्या उजेडात चऱ्यांची चमक हरवून जाते. काळ्या रंगातील काजळीवजा रंगद्रव्य जवळजवळ सर्व प्रकाश शोषून घेते. अंधाऱ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक चरा पांढऱ्या केसासारखा उठून दिसतो. धुळीचेही तसेच. उत्तर भारतातील धूळ फिकट, पिवळसर असल्याने ती काळ्या रंगावर तासाभरात जाणवू लागते, तर रुपेरी किंवा राखाडी मोटार आठवडाभर न पुसताही स्वच्छ भासते.

आजच्या मोटारीचा रंग हा एक थर नसतो. पत्र्यावर प्रथम गंजरोधक लेप, त्यावर प्रायमर, त्यावर रंग देणारा बेस कोट आणि सर्वांत वर क्लिअर कोट हा पारदर्शक थर असतो. या सर्वांची मिळून जाडी बहुधा १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यांपैकी पारदर्शक थर साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही बारीक असतो. चकाकी त्याचीच असते आणि चरेही त्यातच पडतात. उन्हातील अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करण्याचे कामही तोच करतो. धुळीत मिसळलेली क्वार्ट्झची वाळू खनिजांच्या काठिण्यमापनात ७ या अंकावर असते. काचेवर ओरखडा काढू शकणारा हा कण फडक्याखाली सापडून पारदर्शक थरावरून घासला गेला, तर काय होणार हे सांगावयास नको.

काळा रंग मोटारीला नवा नाही. अमेरिकेतील फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ १९१४ पासून सुमारे ११ वर्षे केवळ काळ्या रंगात मिळत असे. आपल्याकडे मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने कित्येक पिढ्यांना काळ्या मोटारीची सवय लावली. त्या ताफ्यातील अखेरची प्रीमियर पद्मिनी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून निवृत्त झाली. मात्र त्या काळातील रंगाला वेगळा पारदर्शक थर नसे. रंग मळला की ‘रबिंग’ करून वरचा पापुद्रा काढला जाई आणि फडक्याला काळा रंग लागे. त्याच सवयीने आजच्या मोटारीला कंपाऊंड लावणारे कारागीर अजूनही भेटतात. आता फडक्याला काळे लागत नाही, म्हणून काही झिजले नाही असे मालकाला वाटते. प्रत्यक्षात न दिसणारा थर झिजलेला असतो.

फडके, बादली आणि सकाळची घाई

चंडीगडच्या सेक्टरांत, तसेच लगतच्या मोहाली आणि पंचकुला येथे, मोटारी पुसण्यासाठी महिन्याच्या बोलीवर माणूस ठेवण्याची पद्धत सर्रास आढळते. पहाटे तो सायकलवरून येतो, एक बादली आणि एक-दोन फडकी घेऊन एका ओळीत उभ्या असलेल्या मोटारी एकामागून एक पुसतो आणि कार्यालये सुरू होण्यापूर्वी त्याचे काम आटोपलेले असते. चौथ्या मोटारीपाशी पोहोचेपर्यंत बादलीच्या तळाशी पहिल्या तीन मोटारींची माती साचलेली असते. फडके त्याच पाण्यात पिळले जाते आणि पुन्हा बॉनेटवर फिरते. पांढऱ्या मोटारीचा मालक समाधानी असतो, काळ्याचा मालक त्या माणसाला बोल लावतो. वस्तुतः दोष एकट्या त्या माणसाचा नव्हे. महिन्याला मिळणाऱ्या मोजक्या रुपयांत प्रत्येक मोटारीसाठी ताजे पाणी आणि स्वच्छ कापड तो कोठून आणणार? काळ्या मोटारीच्या मालकाने स्वतःच्या दोन बादल्या आणि चार-सहा चांगली कापडे त्याच्या हाती दिली आणि रोजच्या ऐवजी आठवड्यातून एकदाच पण नीट धुण्यास सांगितले, तर दोघांचेही भागते. ‘रोज पुसू नका’ असे सांगणे या व्यवहारात सर्वांत अवघड असते, कारण पैसे रोज पुसण्याचे ठरलेले असतात.

पिसांची अथवा सुती धाग्यांची झटकणीही निर्धोक नाही. ती धूळ उचलत नाही, पृष्ठभागावरून फरफटत नेते. हिवाळ्यातील दवाचा प्रकार त्याहून फसवा असतो. डिसेंबर-जानेवारीत शिवालिकच्या पायथ्याशी दाट धुके पडते आणि सकाळी मोटार दवाने ओली दिसते. ‘आयते पाणी आहे’ म्हणून अनेकजण त्यावरून फडके फिरवतात. परंतु दवाचा तो पापुद्रा धुळीचे कण तरंगवून वाहून नेण्याइतका जाड नसतो. धुळीचा तेवढा चिखल होतो आणि तो फडक्याने सारवला जातो. धुक्यातल्या सकाळी केवळ काचा आणि आरसे पुसून निघणे शहाणपणाचे.

डिझेल अथवा रॉकेलचा बोळा फिरवून चमक आणण्याची जुनी युक्तीही सोडून द्यावी. तेलकट पापुद्रा दोन तास चमकतो आणि मग दुप्पट धूळ धरून ठेवतो. कपडे धुण्याची पावडर व भांड्यांचा साबण मेणाचा संरक्षक थर उतरवतात. दात घासण्याच्या पेस्टने ओरखडे जातात असे सांगणाऱ्यांनी एवढेच लक्षात घ्यावे की, पेस्ट मुळात घासणारा पदार्थ आहे.

चाळीस लिटरांत धुणे

शहराच्या पाण्याचा मोठा भाग पंजाबमधील कजौली येथील जलकेंद्रातून, भाखडा मुख्य कालव्याचे पाणी उचलून आणला जातो. उरलेली गरज कूपनलिका भागवतात. सतलजचे पाणी एवढ्या लांबून पंपाने आणून ते मोटारीवर ओतावे का, हा प्रश्न उन्हाळ्यात प्रशासनाला पडणे स्वाभाविक आहे. बंगळूर येथेही मार्च २०२४ मधील टंचाईत पिण्याच्या पाण्याने मोटार धुण्यास बंदी घालून पाच हजार रुपयांचा दंड ठरविण्यात आला होता. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी पोहोचवावे लागले, हे महाराष्ट्रातील वाचकांच्या स्मरणात असेलच.

सुदैवाने पाण्याची बचत आणि रंगाची जपणूक यांत मुळात विरोध नाही. घरगुती नळीतून मिनिटाला दहा ते पंधरा लिटर पाणी जाते असे धरले, तर दहा मिनिटांत शंभर ते दीडशे लिटर संपतात. तेच काम दोन बादल्यांत, तीस ते चाळीस लिटरांत, अधिक चांगले होते. एका बादलीत आम्ल वा अल्क नसलेला, मोटारीसाठीचा सौम्य शाम्पू मिसळलेले पाणी घ्यावे आणि दुसरीत निव्वळ साधे पाणी. प्रथम मगाने किंवा झारीने वरून पाणी सोडून सुटी धूळ वाहून जाऊ द्यावी. ही पायरी गाळली तर पुढचे सर्व व्यर्थ. नंतर मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूच्या पाण्यात बुडवून एक भाग धुवावा, मोजा दुसऱ्या बादलीत खळबळून त्याची माती तेथे सोडावी आणि मगच पुन्हा शाम्पूत बुडवावा. बादलीच्या तळाशी जाळी ठेवल्यास खाली बसलेली वाळू मोज्याला पुन्हा लागत नाही. सुरुवात टपापासून करावी, मग काचा, बॉनेट, दारांचा वरचा भाग, आणि शेवटी चाकांलगतचा खालचा पट्टा. सर्वाधिक वाळू तेथेच असते. चाकांसाठी कापड वेगळे ठेवावे, ते बॉनेटवर कधीही नेऊ नये. हात गोल फिरविण्याऐवजी सरळ रेषेत, दाब न देता फिरवावा. सरळ फिरविल्याने चरे पडायचे थांबतात असे नाही, पण पडलेच तर ते एका दिशेचे असतात आणि प्रत्येक कोनातून डोळ्यांत भरत नाहीत.

मनाईच्या काळात रोख प्रामुख्याने नळीवर असतो. तरीही त्या वर्षीची पालिकेची सूचना वाचून घेणे बरे. त्याहूनही कमी पाण्यात काम करावयाचे असल्यास न खंगाळता धुण्याची द्रावणे बाजारात मिळतात. आठ-दहा लिटर पाण्यात झाकणभर द्रावण टाकले की त्यातील घटक धुळीच्या कणांना वेढून निसरडे करतात. एकेका भागावर ते द्रावण फवारून, भिजलेल्या कापडाने एकदाच अलगद पुसावे, कापडाची घडी बदलावी आणि दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घ्यावे. वादळानंतर मातीचा जाड थर साचला असेल, किंवा पावसाळ्यात चिखल उडालेला असेल, तर मात्र ही पद्धत वापरू नये. अशा वेळी पुनर्वापराचे पाणी वापरणाऱ्या धुलाई केंद्रात जाऊन दाबाच्या फवाऱ्याने माती काढून घेणे श्रेयस्कर. केंद्रात गेल्यावर फिरत्या ब्रशांचे यंत्र टाळावे आणि पुसण्यासाठी तेथले सामायिक कापड नाकारून स्वतःचे द्यावे. अशी मागणी केल्यावर काहीजण हसतात. हसू द्यावे.

मोटार उन्हात तापलेली असताना धुऊ नये. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तुलनेत, उन्हात तासभर उभ्या केलेल्या काळ्या मोटारीचा टप रुपेरी मोटारीच्या टपापेक्षा सुमारे २५ अंश सेल्सिअसपर्यंत अधिक तापल्याचे आढळले होते. चंडीगडच्या जूनमध्ये अशा पत्र्यावर पडलेले पाणी पुसण्यापूर्वीच वाळते आणि त्यातील क्षार पांढऱ्या ठिपक्यांच्या रूपाने मागे राहतात. कूपनलिकेचे पाणी कालव्याच्या पाण्यापेक्षा बहुधा जड असल्याने तेथे हा त्रास अधिक होतो. ताजे ठिपके पातळ केलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने निघतात, मात्र नंतर तो भाग धुऊन घ्यावा लागतो. जुने ठिपके थरात उतरलेले असतात आणि ते पॉलिशशिवाय जात नाहीत.

झाडाची सावली

ऊन टाळण्यासाठी झाडाखाली मोटार लावावी, तर चंडीगडमध्ये तोही प्रश्नच. ल कॉर्बुझियेच्या आराखड्याइतकीच या शहराची ओळख येथील रस्त्याकडेच्या वृक्षांनी घडवली आहे, आणि त्यांची निवड करण्यात वनस्पतितज्ज्ञ डॉ. महिंदरसिंग रंधावा यांचा मोठा वाटा होता. आंबा आणि जांभूळ यांच्या रांगा लोभस दिसतात, परंतु आंब्यावरील किडींचा चिकट स्राव, जांभळांचा रस आणि पक्ष्यांची विष्ठा हे तिन्ही बॉनेटवर येतात. विष्ठेतील युरिक आम्ल उन्हाच्या तापाने पारदर्शक थरात खोलगट डाग पाडते आणि काळ्या तापलेल्या पत्र्यावर हे काही तासांतच घडू शकते. ती खरवडून काढू नये. ओला कागदी रुमाल त्यावर पाच-दहा मिनिटे ठेवावा, ती मऊ झाली की उचलून घ्यावी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भाताच्या खुंटांच्या आगीतील काजळी व दिवाळीच्या फटाक्यांची राख यांची भर पडते. ही राख ओली होण्याआधीच भरपूर पाण्याने उतरवलेली बरी.

पडलेले चरे कसे जातात

चरा जातो म्हणजे तो भरला जात नाही. त्याच्या भोवतालचा पारदर्शक थर चऱ्याच्या तळापर्यंत घासून सपाट केला जातो. म्हणून पॉलिश करणे हा उपचार असला तरी त्याची प्रत्येक वेळी किंमत मोजावी लागते. हलक्या पॉलिशमध्ये एक ते तीन मायक्रॉन थर जातो, जाड कंपाऊंडने त्याहून अधिक. दर सहा महिन्यांनी उत्साहाने रबिंग करून घेणारा मालक पाच-सात वर्षांत त्या थराची अखेर पाहतो. मग टपावर व बॉनेटवर पांढुरके पोपडे दिसू लागतात आणि त्यावर पुन्हा रंग देण्याखेरीज इलाज उरत नाही.

पॉलिश करण्यापूर्वी पृष्ठभाग धुऊन हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालावी आणि बोटे अलगद फिरवावीत. खरखर जाणवल्यास ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण व डांबराचे ठिपके रुतलेले आहेत असे समजावे. ते ‘क्ले बार’ नावाच्या मातीसारख्या वडीने, भरपूर ओलावा ठेवून काढतात. त्यानंतर यंत्राची पाळी येते. मनीमाजऱ्याच्या मोटार बाजारात किंवा अन्यत्र काम देताना यंत्र कोणते आहे ते विचारावे. एकाच अक्षावर गरगर फिरणारे रोटरी यंत्र निष्णात हातात उत्तम, पण नवख्याच्या हातात ते कडा जाळते आणि काळ्या रंगावर उन्हात हलणाऱ्या धुरकट लाटा मागे ठेवते. फिरता फिरता डुलणारे ‘ड्युअल ॲक्शन’ यंत्र सावकाश काम करते, परंतु चूक झाली तरी हानी थोडी होते. प्रथम कमीत कमी तीव्रतेचे पॉलिश एका वीतभर जागेवर वापरून पाहावे, तेवढ्याने भागले तर जाड कंपाऊंड उघडूच नये. थराची जाडी मोजणारे छोटे उपकरण चांगल्या कारागिराकडे असते.

काम झाल्यावर मोटार ट्यूबलाइटच्या उजेडात स्वीकारू नये. तेलकट भरणद्रव्याने चरे तात्पुरते झाकण्याचा प्रकार या धंद्यात नवा नाही आणि तो दोन-तीन धुण्यांतच उघडा पडतो. दुपारच्या उन्हात, किंवा मोबाइलचा दिवा पत्र्याजवळ धरून, निरनिराळ्या कोनांतून पाहावे.

मेण, लेप आणि फिल्म

पॉलिशनंतर संरक्षक थर हवाच. ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण काळ्या रंगाला खोल, ओलसर चमक देते, पण उत्तरेच्या उन्हाळ्यात ते काही आठवडेच टिकते. कृत्रिम सीलंट काही महिने टिकते. सिरॅमिक लेप वर्षानुवर्षे टिकतो असे सांगितले जाते. त्यावरून पाणी व धूळ सहज घरंगळते आणि त्यामुळे पुसण्याचे काम घटते, हा त्याचा खरा लाभ. मात्र जाहिरातींत मिरविला जाणारा ‘९ एच’ हा आकडा खनिजांच्या काठिण्याचा नसून पेन्सिलींच्या कडकपणाचा आहे, हे ग्राहकास क्वचितच सांगण्यात येते. पेन्सिलीच्या मोजपट्टीवर अव्वल ठरलेला लेपसुद्धा वाळूच्या कणापुढे टिकत नाही. लेप दिलेल्या मोटारीवरही गढूळ बादलीतले फडके फिरवल्यास चरे पडतात आणि ते काढताना महागडा लेपही जातो. पॉलियुरिथेनची पारदर्शक फिल्म ही १५० ते २०० मायक्रॉन जाडीची असल्याने खडे व ओरखडे खरोखर झेलते. तिच्या चांगल्या प्रकारांतील बारीक चरे उन्हाच्या उष्णतेने बुजतात. खर्च मोठा असल्याने अनेकजण ती केवळ बॉनेट आणि पुढच्या बंपरला लावून घेतात.

नव्याने रंग दिलेल्या भागाला ही कोणतीही गोष्ट लगेच लावू नये. कारखान्यातील रंग सुमारे १४० अंश तापमानाला भाजलेला असतो, तर दुरुस्तीच्या शेडमधील रंग ६० अंशांच्या आसपास वाळवतात, आणि त्यातील द्रावके पूर्ण उडून जाण्यास काही आठवडे लागतात.

राहता राहिली कापडे. मायक्रोफायबरची कापडे घरच्या कपड्यांत न मिसळता सौम्य साबणाने वेगळी धुवावीत, त्यांना कपडे मऊ करणारे द्रव लावू नये, कारण त्याने धागे बुजतात. ती गच्चीवर वाळत घालताना वादळाचा इशारा असल्यास आत घ्यावीत. धुताना हातून जमिनीवर पडलेले कापड त्या दिवशी पुन्हा बॉनेटवर नेऊ नये, ते चाकांसाठी ठेवावे.